घनता चांगली, हाड कच्चे

मधुमेह असलेल्या माणसाच्या वार्षिक तपासणीत डोळ्याचा पडदा पाहतात, लघवीतून प्रथिन जाते का ते मोजतात, तळपायाला नायलॉनचा तंतू लावून संवेदना तपासतात, ईसीजी काढतात. हाडांची चौकशी मात्र क्वचितच होते. ‘गेल्या वर्षभरात कुठे पडलात का?’ हा प्रश्न तर त्याहूनही क्वचित विचारला जातो. डोळे, मूत्रपिंडे, नसा आणि हृदय यांना मधुमेह पोखरतो हे रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्या मनात पक्के बसले आहे. हाड त्या यादीत अजून शिरलेले नाही. ते शिरायला हवे, असे या लेखाचे म्हणणे आहे. आणि केवळ घनता मोजून हे काम भागणार नाही, कारण मधुमेहात घनतेचा अहवालच अनेकदा खोटा दिलासा देतो.

डेन्मार्कचे पीटर व्हेस्टरगार्ड यांनी २००७ साली तोवरचे अभ्यास एकत्र करून काही आकडे मांडले. टाइप १ मधुमेहात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या जवळजवळ सातपट, तर टाइप २ मध्ये सुमारे १.४ पट निघाला. कोड्यात टाकणारे होते ते घनतेचे आकडे. टाइप १ मध्ये घनता थोडी कमी भरत होती, पण तेवढ्या कमतरतेवरून हिशोब केला तर धोका दीडपटीच्या आत राहायला हवा होता. टाइप २ मध्ये घनता इतरांपेक्षा चक्क जास्त होती. म्हणजे या लोकांची हाडे कमी मोडायला हवी होती आणि प्रत्यक्षात ती जास्त मोडत होती.

१.४ पट हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि त्यातले बहुतेक सगळे टाइप २ चे आहेत. इतक्या मोठ्या संख्येला किरकोळ वाटणारा गुणाकारही जड जातो. शिवाय १.४ ही सरासरी आहे. मधुमेह दहा वर्षांहून जुना असेल, इन्सुलिन सुरू असेल, पायांच्या नसा बधिर झाल्या असतील, तर धोका या सरासरीच्या बराच वर जातो.

हाड आणि मधुमेह यांचा संबंध आजचा नाही. मधुमेही मुलांच्या हाडांची वाढ एक्स-रे काढून तपासणारा अमेरिकी अभ्यास १९२७ मध्ये छापून आला. इन्सुलिन वापरात येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. पुढे १९४८ मध्ये फुलर ऑलब्राइट आणि एडवर्ड रायफेनस्टाइन यांनी, साखर दीर्घकाळ ताब्यात नसलेल्या रुग्णांची हाडे विरळ होतात, याकडे लक्ष वेधले. नंतरची काही दशके हा विषय मागे पडला. त्याचे एक कारण समजण्यासारखे आहे. मधुमेही माणूस तेव्हा हाडे ठिसूळ होण्याच्या वयापर्यंत पोचतच नसे. आज तो पोचतो. साठी-सत्तरी ओलांडलेले, वीस-पंचवीस वर्षे मधुमेहासह जगलेले लोक आज घरोघरी आहेत. ही वैद्यकशास्त्राची मोठी कमाई, आणि हाडांचा प्रश्न तिच्यातूनच उभा राहिला आहे.

टाइप १ ची गोष्ट तुलनेने सरळ आहे. हा आजार बहुधा लहानपणी किंवा पौगंडावस्थेत सुरू होतो, म्हणजे हाडे भरण्याच्या ऐन काळात. इन्सुलिन हे हाड घडवणारेही संप्रेरक आहे. ते शरीरात तयार होणेच थांबले, की हाडाला मिळणारी एक महत्त्वाची चालना जाते. त्यात साखर चढी राहिली तर लघवीवाटे पाण्याबरोबर कॅल्शियमही वाहून जाते. विशी-पंचविशीपर्यंत हाडांत जी पुंजी साठायची ती अपुरी राहते आणि माणूस पुढचे सगळे आयुष्य त्या तुटीवर काढतो. पुण्यात जहांगीर रुग्णालयाच्या आवारातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांची वाढ आणि हाडे यांचा अनेक वर्षे अभ्यास करत आहेत. हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण मोठ्यांच्या हाडांबद्दल बोलणारे पुष्कळ असले तरी मुलांच्या हाडांकडे पाहणारे थोडे आहेत. टाइप १ असलेल्या मुलाची उंची मागे पडत असेल तर थायरॉइड आणि गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिॲक आजार, या दोन्हींची तपासणी व्हायलाच हवी. हे आजार टाइप १ च्या सोबतीने येतात आणि सिलिॲकमध्ये आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलेच जात नाही.

टाइप २ चे कोडे मात्र अवघड होते आणि ते सोडवताना हाडाबद्दलची आपली समजच बदलली. सुरुवातीचे उत्तर सोपे होते: हे लोक वजनदार असतात, त्यांच्या रक्तात बरीच वर्षे इन्सुलिनही जास्त असते, म्हणून हाडांत खनिज भरपूर साठते. ते बरोबरच आहे. पण हाड म्हणजे नुसते खनिज नव्हे. त्यात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू असतात आणि ताण आला की किंचित वाकून तो पचवण्याचे काम हे तंतू करतात. खनिज हाडाला कठीणपणा देते, कोलॅजन चिवटपणा देते. मधुमेहात घाव बसतो तो या चिवटपणावर.

भाकरी तव्यावर भाजताना तिच्यावर तांबूस डाग पडतात. ती साखर आणि प्रथिन यांच्यातली रासायनिक क्रिया असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की हीच क्रिया शरीराच्या तापमानावर, अगदी संथपणे, आपल्या प्रथिनांवर होत राहते. एचबीए१सी ही चाचणी तिचीच सुरुवातीची पायरी मोजते: हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ती. पण तांबडी पेशी साधारण १२० दिवसांत मरते आणि तिच्याबरोबर ती साखरही जाते. हाडातले कोलॅजन वर्षानुवर्षे टिकते. त्याला चिकटलेली साखर पुढे पक्की होऊन शेजारशेजारच्या तंतूंना नको तिथे जखडते. असे जखडलेले हाड वाकत नाही, तडकते. या महिन्यात एचबीए१सी ७ वर आले म्हणून दहा वर्षांपूर्वीची साखर हाडातून निघून गेली असे होत नाही. रुग्णाला हे समजावून सांगितले तर मधुमेहाच्या पहिल्या वर्षांतील नियंत्रणाला एवढे महत्त्व का देतात, हे त्याला वेगळे पटवावे लागणार नाही असे मला वाटते.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. निरोगी हाड सतत मोडून पुन्हा बांधले जाते. जुना, बारीक चिरा पडलेला भाग काही पेशी खाऊन टाकतात आणि दुसऱ्या पेशी तिथे नवे हाड भरतात. मधुमेहात हा कारभार मंदावतो. हाडांच्या जडणघडणीचे रक्तातले दर्शक कमी भरतात आणि हाड बांधण्याला लगाम घालणारे स्क्लेरोस्टिन हे प्रथिन वाढते. त्यामुळे जुने हाड जुनेच राहते आणि चिरा साचत जातात. मज्जेतल्या ज्या मूळ पेशींपासून हाड बांधणाऱ्या पेशी तयार व्हायच्या, त्यांतल्या काही चरबीच्या पेशी होण्याकडे वळतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या डोळ्यांत आणि मूत्रपिंडांत बिघडतात तशा हाडातही बिघडतात. काही रुग्णांत हाडाच्या कठीण बाह्य कवचात छिद्रे वाढलेली दिसतात, जी नेहमीच्या घनतेच्या मोजणीत लपून जातात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २०१४ साली टाइप २ असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांच्या नडगीच्या हाडात सूक्ष्म सुई टेकवून त्याचा प्रतिकार थेट मोजला गेला. त्यांच्या हाडाची ताकद मधुमेह नसलेल्या स्त्रियांपेक्षा कमी निघाली.

रोटरडॅममध्ये १९९० पासून चाललेल्या लोकसंख्येच्या मोठ्या पाहणीतून २०१३ मध्ये आणखी एक धागा हाती आला. एचबीए१सी ७.५ किंवा त्याहून जास्त असलेल्या मधुमेहींची हाडे इतरांपेक्षा घन होती, त्यांची कवचे जाड होती, आणि तरीही त्यांच्यात अस्थिभंगाचा धोका मधुमेह नसलेल्यांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त होता. साखर बऱ्यापैकी ताब्यात असलेल्यांत असा फरक दिसला नाही. घनता आणि बळकटी या दोन गोष्टींची इतकी स्पष्ट फारकत दुसऱ्या आजारात सहसा दिसत नाही.

आता हे मोजायचे कसे? हाडांची घनता डेक्सा या तपासणीत मोजतात आणि निकाल टी-स्कोअरमध्ये येतो. उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ सालची सीमारेषा. मधुमेहात ही रेषा तशीच लावली तर माणसे हातची सुटतात. ॲन श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील तीन मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र करून दाखवले, की टाइप २ असलेल्या व्यक्तीचा टी-स्कोअर कागदावर जो दिसतो, तिचा खरा धोका त्याहून सुमारे अर्ध्या अंकाने वाईट असतो. उणे २ असेल तर उणे २.५ समजून चालावे. शेफील्ड विद्यापीठात तयार झालेले फ्रॅक्स हे गणनयंत्रही इथे कमी पडते, कारण त्यात टाइप २ साठी वेगळा रकानाच नाही. मग डॉक्टर तडजोडी करतात: कोणी संधिवाताच्या रकान्यात ‘हो’ भरतात, कोणी वय दहा वर्षांनी वाढवून टाकतात, कोणी टी-स्कोअरमधून अर्धा अंक वजा करतात. डेक्साच्याच चित्रातून हाडाच्या आतल्या जाळीचा अंदाज देणारा टीबीएस हा निर्देशांक अधिक उपयोगी ठरतो, पण तो सगळीकडे मिळत नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०२४ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत हाडांसाठी सविस्तर शिफारशी घातल्या आणि वयस्क मधुमेहींसाठी औषधोपचाराचा विचार उणे २ पासूनच करावा असे म्हटले. उशिरा का होईना, हाड यादीत येऊ लागले आहे.

इथे भारतीय शरीराबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. पाश्चात्त्य अभ्यासांतला टाइप २ चा रुग्ण बहुधा लठ्ठ असतो. वजनामुळे हाडावर भार पडून ते भरते आणि खुब्याभोवतीची चरबी पडताना काहीशी गादीसारखी कामी येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांची वेगळी ठेवण जगापुढे मांडली: अंगकाठी बारीक, स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले त्यांचे आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी उभे असलेले छायाचित्र गाजले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. अशा बारीक बांध्याच्या आणि अशक्त स्नायूंच्या मधुमेही माणसाला वजनाचे ते संरक्षण कितपत मिळत असेल? माझ्या मते फार थोडे. टाइप २ मध्ये घनता जास्त असते हे पाठ्यपुस्तकी वाक्य सदाशिव पेठेतल्या सडपातळ आजींना किंवा बीडच्या ऊसतोड कामगार बाईंना जसेच्या तसे लावू नये. शिवाय आपल्याकडे खुब्याचे हाड मोडण्याचे वय पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दशकभर अलीकडे आहे, आणि भरपूर ऊन असलेल्या या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरताही सर्रास आढळते.

इतका वेळ हाडाबद्दल बोललो, पण खुब्याचे हाड बहुतेक वेळा मोडते ते पडल्यामुळे. मधुमेह माणसाला अनेक बाजूंनी पाडतो. तळपायाच्या नसा बधिर झाल्या की पाय जमिनीवर नेमका कुठे टेकला हे मेंदूला कळत नाही; उजेडात डोळे सांभाळून घेतात, अंधारात तोल जातो. डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल किंवा मोतीबिंदू असेल तर उंबरठा आणि पायरी दिसत नाही. स्वायत्त नसा बिघडल्या असतील तर झोपेतून उठून उभे राहताच रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि साखर चढी असेल तर रात्रीतून तीनचार वेळा लघवीला उठावे लागते. ही सगळी कारणे रात्री दोन वाजता, पलंग आणि न्हाणीघर यांच्यामधल्या दहा पावलांत एकत्र येतात. ओली फरशी, गुळगुळीत झालेली रबरी चप्पल, दाराशी गुंडाळलेले पायपुसणे यांची भर त्यात पडते. त्या वाटेवर रात्रभर जळणारा एक छोटा दिवा आणि शौचालयात हाताला धरायला एक दांडी, यांचा खर्च कोणत्याही औषधापेक्षा कमी आहे. पायाला बधिरपणा असलेल्या प्रत्येकाच्या घरी एवढे तरी व्हायला हवे.

पाडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे साखर अचानक उतरणे. सिंगापूरमध्ये २०१२ साली छापलेल्या एका अभ्यासात, खुब्याचे हाड मोडलेल्या वयस्क मधुमेहींमध्ये एचबीए१सी ६ च्याही खाली असलेल्यांचे प्रमाण लक्षणीय होते. म्हणजे हाड वाचवायचे तर साखर फार चढी राहून चालत नाही आणि म्हातारपणी ती फार खाली ओढूनही चालत नाही. ‘अकॉर्ड’ या मोठ्या अमेरिकी चाचणीत साखर कडक नियंत्रणात ठेवलेल्या गटात अस्थिभंग घटले नाहीत आणि वाढलेही नाहीत. पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांना एचबीए१सी ६.२ आल्याबद्दल शाबासकी देण्याआधी त्यांना रात्री घाम फुटतो का, सकाळी डोके जड असते का, हे विचारावे. उपासाच्या दिवशी गोळी नेहमीचीच घेतात का, हेही विचारावे. एकादशी, संकष्टी आणि चातुर्मास पाळणाऱ्या घरांत हा प्रश्न अगदी रोजचा आहे.

औषधांची गोष्ट इथूनच पुढे जाते. साखरेची बहुतेक औषधे हाडांच्या बाबतीत निरुपद्रवी आहेत. पायोग्लिटाझोनच्या वर्गाचे तसे नाही. २००६ मध्ये जाहीर झालेल्या ‘अडॉप्ट’ चाचणीत याच वर्गातील रोसिग्लिटाझोन घेणाऱ्या ९.३ टक्के स्त्रियांना अस्थिभंग झाला. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ५.१ टक्के आणि ग्लायब्युराइड घेणाऱ्यांत ३.५ टक्के होते. या वर्गातली औषधे मज्जेतल्या मूळ पेशींना हाडाऐवजी चरबीच्या वाटेला लावतात. रोसिग्लिटाझोनवर भारतात २०१० मध्ये हृदयाच्या कारणावरून बंदी आली. पायोग्लिटाझोनवर जून २०१३ मध्ये बंदी आली आणि सुमारे दीड महिन्यात ती उठली. तेव्हाची सगळी चर्चा मूत्राशयाच्या कर्करोगाभोवती फिरली, हाडांचा मुद्दा तिच्यात फारसा ऐकू आला नाही. आज यकृतातील चरबीसाठी हे औषध पुन्हा लिहिले जाते आहे. त्याचे उपयोग आहेत, पण पाळी गेलेल्या किंवा आधी हाड मोडलेल्या स्त्रीला ते देताना दुसरा पर्याय आहे का, ते पाहायलाच हवे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या औषधांच्या वर्गातील कॅनाग्लिफ्लोझिनबाबत २०१७ च्या ‘कॅनव्हास’ चाचणीत अस्थिभंग वाढलेले दिसले. २०१९ च्या ‘क्रेडेन्स’मध्ये तसे दिसले नाही, आणि त्या वर्गाच्या इतर औषधांवर असा ठपका नाही. मेटफॉर्मिन हाडांना त्रास देत नाही, मात्र दीर्घकाळ घेतल्यास ब१२ कमी करते. शाकाहारी घरांत ब१२ आधीच तुटपुंजे असते. नसांचा बधिरपणा मधुमेहाचा म्हणून सोडून दिला जातो आणि त्यातला ब१२ चा, भरून काढता येण्याजोगा वाटा तसाच राहतो. वर्षातून एकदा ब१२ तपासणे हे पडणे टाळण्याचेही काम आहे.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल आता बोलावेच लागेल. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जूनमध्ये. या औषधांमुळे अस्थिभंग वाढतात असे दिसलेले नाही. पण वजन झपाट्याने उतरताना चरबीबरोबर स्नायू आणि हाडही उतरते. टाइप २ च्या पाच हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘लुक अहेड’ या अमेरिकी अभ्यासात आहार-व्यायामाने नेटाने वजन कमी करणाऱ्या गटात खुबा, ओटीपोट, दंड आणि खांदा यांच्या अस्थिभंगाचा धोका ३९ टक्क्यांनी जास्त निघाला. डेन्मार्कमध्ये २०२४ साली छापलेल्या एका छोट्या चाचणीत, मधुमेह नसलेल्या लठ्ठ व्यक्तींनी याच प्रकारातले लिराग्लुटाइड नुसते घेतले तेव्हा खुबा आणि मणक्यातील घनता उतरली. सोबत व्यायाम केला तेव्हा ती टिकली. सुई घेणाऱ्या प्रत्येकाच्या चिठ्ठीवर स्नायूंना ताण देणारा व्यायाम आणि पुरेसे प्रथिन हेही लिहिलेले असावे.

व्यायामाबद्दल एक इशारा. मणक्यांची हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीने कंबर पुढे वाकवण्याचे व्यायाम करू नयेत. मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या छोट्या पण महत्त्वाच्या पाहणीत, असे व्यायाम करणाऱ्या गटातील बहुतेक स्त्रियांच्या मणक्यांना नवे अस्थिभंग झाले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ते थोडक्याच जणींना झाले. सूर्यनमस्कार आणि पश्चिमोत्तानासन निरोगी माणसासाठी उत्तम, पण मणका आधीच दबलेला असेल तर धोक्याचे. आणि मणका दबल्याचे अनेकदा कळतही नाही: उंची दीड-दोन इंच कमी होते, पाठीला पोक येते आणि सगळे ते वयावर घालतात. ज्येष्ठांसाठी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठबस, टाचा वर उचलणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे आणि जमेल तसे वजन उचलणे हे खरे हाडांचे व्यायाम. नुसते चालणे साखरेला पुरते, हाडांना कमी पडते.

आहारात प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पेलाभर दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळते, १०० ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास. नाचणी मधुमेहात चालते म्हणून तीन भाकऱ्या खाव्यात असे नाही; तीही धान्यच आहे आणि साखर वाढवते. तीळ, राजगिरा, दही, ताक, कोकणात आणि गोव्यात काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, सुका जवळा हे सगळे उपयोगी. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावे, पण ६०,००० युनिटांची पुडी वर्षानुवर्षे मनाने घेत राहू नये. ऑस्ट्रेलियात २०१० साली छापलेल्या चाचणीत, वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटांचा डोस दिल्यावर पडणेही वाढले आणि अस्थिभंगही. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बेनामी पुड्या आणि काढे यांपासून तर दूरच राहावे. त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते साखर चढवते आणि हाडही पोखरते.

पायाच्या हाडांचा एक विकार वेगळा सांगायलाच हवा, कारण तिथे उशीर फार महागात पडतो. बधिर पायाचा घोटा किंवा चवडा अचानक सुजतो, लाल होतो, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतो, पण दुखत नाही किंवा फार थोडे दुखते. हा शार्को पाय असू शकतो. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ झां-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये असे सांधे दुसऱ्या आजारात वर्णिले आणि १९३६ मध्ये विल्यम जॉर्डन यांनी त्यांचा मधुमेहाशी संबंध दाखवला. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो, पायातली बारीक हाडे आतल्या आत मोडत जातात आणि तळव्याची कमान कोसळते. आपल्याकडे याला मुरगळ समजून मालिश केली जाते, हाडवैद्याकडे नेले जाते, किंवा जंतुसंसर्ग म्हणून प्रतिजैविके दिली जातात. यावरचा खरा उपाय म्हणजे त्या पायावरचा भार ताबडतोब काढणे आणि पायाला घट्ट बसणारे प्लास्टर घालून तो कित्येक आठवडे, कधी महिने, सांभाळणे. मधुमेहीचा गरम, सुजलेला, न दुखणारा पाय कोणीही चोळू नये.

हाड मजबूत करणारी औषधे मधुमेहात चालतात का? ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनेट, डेनोसुमॅब, टेरिपॅराटाइड ही औषधे प्रामुख्याने पाळी गेलेल्या स्त्रियांवर तपासली गेली. त्यांच्यातील मधुमेही गट वेगळा काढून पाहिले, तेव्हा हाड झिजणे थांबवणाऱ्या औषधांचा फायदा मधुमेहातही साधारण तेवढाच दिसला. मधुमेहात हाडाचा कारभार आधीच मंद, मग तो आणखी मंदावणारी औषधे कशाला, ही शंका रास्त होती. आजवरच्या माहितीवरून ती अडसर ठरत नाही. सावधगिरी दुसऱ्या बाबतीत हवी. मूत्रपिंडे बरीच निकामी असतील तर झोलेड्रोनेट देता येत नाही. डेनोसुमॅबचे सहामाही इंजेक्शन मध्येच सोडले तर मणके एकापाठोपाठ मोडू शकतात, म्हणून ते सुरू करतानाच पुढचे कसे करायचे ते ठरवावे. ही औषधे सुरू करण्यापूर्वी दातांची कामे उरकून घ्यावीत, कारण मधुमेहात हिरड्या आधीच दुबळ्या असतात.

आणि हाड मोडलेच तर? मधुमेहात ते सांधायला वेळ लागतो. पायाच्या अस्थिभंगांवरील १९८८ च्या एका अभ्यासात मधुमेहींना दीडपटीहून अधिक काळ लागलेला दिसला. शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळण्याची शक्यता जास्त असते. खुब्याचे हाड मोडलेल्या ज्येष्ठांपैकी पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो, म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी. साखर सामान्य होईपर्यंत ती पुढे ढकलू नये. इन्सुलिनने साखर सुरक्षित मर्यादेत आणून पुढे जावे. रॉड बसतो, टाके निघतात, माणूस वॉकर धरून घरी जातो. घरी नेताना हातात मिळणाऱ्या कागदावर साखरेच्या गोळ्या असतात, वेदनाशामके असतात, कॅल्शियमची बाटली असते. किरकोळ पडून हाड मोडले, याचा अर्थ ऑस्टिओपोरोसिस ठरला. तिथे टी-स्कोअर काहीही असो, हाडाचे औषध सुरू व्हायला हवे. ते त्या कागदावर नसेल तर नातेवाइकांनी तिथेच, रुग्णालय सोडण्याआधी, अस्थिरोगतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ या दोघांनाही विचारावे: हाडाचे औषध कोणते, कधीपासून, आणि ते कोण लिहून देणार?